कुठे वाचलंस?

नानांच्या वह्या माझ्या घरी आल्या त्या सुतळीने बांधलेल्या. अकरा वह्या, जाड पुठ्ठ्याच्या, कडा वाळवीने कुरतडलेल्या. आत्याने दांडिया बाजाराजवळच्या पोळेतलं, म्हणजे गल्लीतलं, घर आवरायला काढलं, तेव्हा माळ्यावरून त्या खाली उतरल्या. पस्तीवाला दारात उभा होता. (बडोद्यात आम्ही मराठी माणसंही रद्दीला पस्तीच म्हणतो.) आत्याने बाकी सगळं वजनाला घातलं, पण वहीतलं अक्षर दिसल्यावर तिचा हात पुढे होईना. मग तिने मला फोन केला, "तू ते वाचण्याबिचण्याचं काहीतरी काम करतेस ना, तूच घेऊन जा."

नाना म्हणजे माझे आजोबा, शाळामास्तर. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी जायचे आणि वाचलेलं वहीत टिपायचे. प्रत्येक पान त्यांनी पट्टीने तीन भागांत आखलेलं आहे. पहिल्या रुंद भागात माहिती. दुसऱ्यात ती कुठून मिळाली: पुस्तक, पान, नाहीतर सांगणाऱ्याचं नाव. तिसरा भाग बोटभर रुंदीचा, त्यात एकच अक्षर. 'प' म्हणजे पक्कं, 'ऐ' म्हणजे ऐकीव, 'त' म्हणजे तपासणे. कित्येक ठिकाणी 'त' खोडून 'प' केलाय आणि शेजारी बारीक अक्षरात तारीख आहे. एका ठिकाणी ती तारीख मूळ नोंदीनंतर एकोणीस वर्षांनी पडली आहे.

जेवताना कोणीही काही नवीन सांगितलं की नानांचा एकच प्रश्न असायचा, "कुठे वाचलंस?" त्यात दरारा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं असायचं. वर्तमानपत्रात, म्हटलं तर कुठल्या. मैत्रिणीने सांगितलं, म्हटलं तर तिला कोणी. लहानपणी मला याचा फार कंटाळा यायचा.

आता माझं काम नेमकं हेच आहे. संगणकाला वाचायला देण्यासाठी मराठी मजकूर गोळा करायचा, निवडायचा, धुऊन-पुसून घ्यायचा. या कामाला लागले त्याच्या किती तरी आधी मी 'नेल'विषयी वाचलं होतं, आणि तेव्हाच नाना आठवले होते.

जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक संगणक वाचायला बसवला. 'नेव्हर-एंडिंग लँग्वेज लर्नर', म्हणजे ज्याचं शिकणं कधी संपत नाही असा विद्यार्थी. थोडक्यात नेल. त्याचं काम दोन पदरी होतं. दिवसरात्र इंटरनेटवरची पानं वाचून त्यातून माहिती वेचायची, आणि आज जे कळलं त्याच्या जोरावर उद्या कालच्यापेक्षा बरं वाचायचं. त्याआधीची मोठी खटपट वेगळ्या वाटेने चालली होती. १९८४ साली डग्लस लेनाट यांनी 'साइक' सुरू केलं, त्यात जगाबद्दलचं साधंसुधं शहाणपण माणसांनी बसून एकेक नियम करून यंत्राला सांगायचं होतं. वर्षानुवर्षं ते चाललं. मला त्या माणसांबद्दल आदर आहे. पण घास भरवत राहिलं तर मूल किती जेवणार! नेलच्या मंडळींनी ठरवलं, याला वाचायला शिकवू, पुढचं तो पाहील.

शिकवायचं कसं, ते मला फार आवडलं होतं. शहर, कंपनी, खेळाडू, भाजी असे वर्ग आखून दिले आणि प्रत्येक वर्गासाठी दहा-पंधरा उदाहरणं. त्यांच्या २०१० च्या निबंधात १२३ वर्ग आणि ५५ संबंध आहेत. संबंध म्हणजे अमुक खेळाडू तमुक संघात, अमुक कंपनी तमुक शहरात. बस, एवढ्या शिदोरीवर निघायचं. ओळखीचं शहर ज्या शब्दांच्या सोबत दिसतं ते शब्द टिपायचे. 'चे महापौर' हे शब्द आधी लंडनच्या मागे दिसले, मग पॅरिसच्या. म्हणजे ज्या अनोळखी नावामागे ते दिसतील तेही बहुधा शहर. त्या नव्या शहरांच्या सोबतीने आणखी शब्द सापडणार, त्या शब्दांवरून आणखी शहरं. पहिल्या ६७ दिवसांत त्याने २,४२,००० हून जास्त गोष्टी जमवल्या, आणि त्यातल्या अंदाजे ७४ टक्के बरोबर होत्या. म्हणजे चारांतली एक चूक.

चूक नुसती चूक राहत नाही, हाच त्यातला धोका. नेलने 'इंटरनेट कुकीज' हा शब्द वाचला आणि तो बिस्किटं-केकच्या वर्गात घातला. कुकी म्हणजे बिस्किट, हे त्याला ठाऊक होतं. मग 'कुकीज डिलीट केल्या' हे वाचलं, तशीच 'फाइली डिलीट केल्या' ही वाक्यं वाचली, आणि संगणकातल्या फाइलीही भट्टीतून निघालेला पदार्थ होऊन बसल्या. एका घरात शिरलेली वाळवी पोळेतल्या सगळ्या घरांत जाते, तसं. त्यावर उपाय म्हणून त्यांनी वर्गांना एकमेकांचे पहारेकरी केलं होतं: जे शहर आहे ते भाजी असू शकत नाही, जी व्यक्ती आहे ती कंपनी असू शकत नाही. शिवाय वाचणारे चार ठेवले. एक वाक्यातल्या ठरावीक शब्दजुळण्या पाहणार, दुसरा पानावरच्या याद्या आणि तक्ते, तिसरा शब्दाची नुसती घडण, चौथा जमलेल्या माहितीवरून नियम काढणार. एकट्याचं म्हणणं कच्चं. त्याची खात्री खूपच असली किंवा अनेकांचं जुळलं तरच ते पक्क्यात जायचं. एवढं करूनही वाळवी पुरती थांबली नाही, अधूनमधून माणसांना बसून निवडून काढावं लागलंच.

आणि जे जमलं त्याला ते 'सत्य' म्हणत नव्हते. 'विश्वास' म्हणायचे. प्रत्येक विश्वासाला एक वजन, किती खात्री आहे त्याचं, आणि तो कशावरून बसला याची नोंद. २०१५ पर्यंत असे आठ कोटींहून जास्त विश्वास साठले होते. हे वाचताना मला नानांचा तो बोटभर रुंदीचा तिसरा रकाना आठवला.

पुढे मीच मराठीत असं काहीतरी करून पाहायला बसले, तेव्हा कळलं की इंग्रजीची वाट मराठीला जशीच्या तशी चालत नाही. १९९२ साली मार्टी हर्स्ट यांनी दाखवलं होतं, की इंग्रजीत 'अमुक अशा वस्तू, जशा की तमुक' अशा ठरावीक जुळण्या शोधल्या की कोण कुठल्या जातीतलं ते आपोआप सापडत जातं. मी मराठीत 'सारखा' धरला. 'पुण्यासारखं शहर', 'आंब्यासारखं फळ', 'कबड्डीसारखा खेळ'. झकास चाललं होतं. मग 'देवासारखा माणूस' आला. यंत्राच्या हिशेबाने देव हा एक माणूस. पाठोपाठ 'वाघासारखा माणूस', 'लोण्यासारखं मन', 'आईसारखी सावली'. उदाहरण देताना आणि उपमा देताना मराठी एकच शब्द वापरते, हे मला चाळीस वर्षं मराठी बोलून कधी जाणवलं नव्हतं. 'वगैरे' जास्त प्रामाणिक निघाला. 'कांदे, बटाटे, वांगी वगैरे भाज्या' यात उपमेला जागा नसते.

दुसरी अडचण विभक्तीची. इंग्रजीत नाव वाक्यात कुठेही ठेवलं तरी अंग चोरत नाही. आपल्याकडे बडोदा म्हटलं की बडोद्याला, बडोद्यात, बडोद्याहून, बडोदेकर. त्यात जुनी माणसं बडोदे म्हणणार, पाटीवर वडोदरा असणार. हे सगळं एकच गाव आहे, हे आधी यंत्राला पटवायचं. प्रत्यय छाटणारं एक छोटंसं साधन मी लिहिलं, तर त्याने विश्वामित्रीची ई छाटून विश्वामित्र केला. आमच्या नदीतल्या मगरी ऋषींच्या नावावर जमा झाल्या. दोन दिवस घालवून ते सरळ केलं.

आणि मग अगाशी. आमच्याकडे गच्चीला अगाशी म्हणतात. उत्तरायणला पतंग घेऊन अगाशीवर जायचं, उन्हाळ्यात पापड अगाशीवर. पण मी जमवलेल्या मराठी मजकुरात अगाशी भेटायची ती वसईकडची, गाव म्हणून. तेव्हा 'अगाशीवर पापड वाळत घातले' हे वाक्य माझ्या यंत्राने गावाच्या नोंदीखाली लावलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याने जे वाचलं होतं त्यात आमची अगाशी कुठे नव्हतीच. पोळेचंही तेच. गुजरातेत पोळ म्हणजे एका तोंडाची गल्ली आणि तिच्यात पाठीला पाठ लावून उभी असलेली घरं. बाकीच्या मराठीत पोळ म्हणजे सोडलेला वळू. 'आमच्या पोळेत सत्तावीस घरं होती' या वाक्याचं त्या बिचाऱ्याने काय करावं?

शब्दाचा अर्थ त्याच्या संगतीवरून कळतो, असं फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९५७ साली म्हटलं होतं. २०१३ मध्ये 'वर्ड टू व्हेक' आलं, तेव्हा याच गोष्टीचं गणित झालं: कुठल्या शब्दाच्या शेजारी कुठले शब्द येतील ते ओळखायला यंत्राला शिकवा, शब्दाला आकड्यांची एक रांग द्या, आणि सारख्या संगतीतले शब्द आपोआप जवळ येतात. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हे आपल्याकडे शेतकऱ्याला ठाऊकच होतं. पण त्याची उलट बाजू मला अगाशीने दाखवली. ज्या शब्दाला शेजारच मिळाला नाही, त्याला कुठला गुण लागणार?

इथे थोडं आडवळण घेते, कारण बडोद्यात राहून प्राच्यविद्या मंदिराबद्दल न बोलता मला पुढे जाता येत नाही. पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ते आपण अभिमानाने सांगतो. वाल्मीकी रामायणाची तशी आवृत्ती बडोद्यात, या प्राच्यविद्या मंदिरात झाली. १९५१ साली काम सुरू झालं, १९६० ते १९७५ मध्ये सात खंड निघाले. देशभरातून, वेगवेगळ्या लिप्यांतल्या हस्तलिखित पोथ्या मिळवायच्या, एकेका श्लोकाला शेजारी-शेजारी ठेवायच्या, आणि मुळात काय असावं ते ठरवायचं. या कामात पोथ्यांची नुसती गणती चालत नाही. एका पोथीवरून उतरवलेल्या दहा पोथ्या म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत, साक्षीदार एकच, बोलला दहा वेळा. पण उत्तरेची पोथी आणि दक्षिणेची पोथी, ज्यांची कधी गाठभेट नाही, त्या एक पाठ देतात तेव्हा त्याला वजन येतं. आणि कोण कोणावरून उतरलं हे ओळखायचं कशावरून? चुकांवरून. बरोबर शब्द दोघे स्वतंत्रपणे लिहू शकतात, तीच चूक त्याच जागी दोघांनी स्वतंत्रपणे करणं अवघड.

मी हे वाचलं तेव्हा खुर्चीत ताठ बसले. कारण त्याच आठवड्यात माझ्यापुढे एका जुन्या वास्तूचं बांधकामाचं वर्ष होतं. कित्येक मराठी पानांवर ते एकच वर्ष, म्हणून मी निर्धास्त होते. नंतर लक्षात आलं, सगळीकडे त्या वाक्यात एकाच शब्दाची वेलांटी चुकली आहे. सगळी पानं एका पोथीची लेकरं होती. आजही नक्कल झालेला मजकूर आम्ही गाळतो, म्हणजे रामायणाच्या पंडितांनी कागदावर केलेलं कामच आम्ही घाईघाईने आणि कमी जाणकारीने करतो.

नेलनंतरचं जग वेगाने बदललं. २०१७ मध्ये 'ट्रान्सफॉर्मर' नावाची रचना आली, २०२० मध्ये 'जीपीटी-३' आलं, १७५ अब्ज आकड्यांचं. या यंत्रांना कोणी वर्ग आखून देत नाही. त्यांना अफाट मजकूर दिला जातो आणि सराव एकच: पुढचा शब्द कुठला? चुकलं की आकडे किंचित सरकवायचे. असं अब्जावधी वेळा. त्यातून व्याकरण येतं, इतिहास येतो, गणित येतं, कविता येते, आणि मी रोज या कामात असूनही मला त्याचं नवल वाटायचं थांबलेलं नाही. चुरचुरीत मराठी बोलतात ती. विभक्ती चुकत नाहीत, देवासारखा माणूस म्हणजे काय ते त्यांना बरोबर कळतं. जे मला महिनोन्महिने जमलं नाही ते त्यांना नुसत्या वाचनाने जमलं.

पण रकाने गेले. वाचलेलं सगळं त्या आकड्यांत विरघळून गेलं, वरणात हिंग विरघळावं तसं; चव आहे, खडा दाखवता येत नाही. माझ्या भाच्याने शाळेच्या प्रकल्पासाठी अशाच एका यंत्राला आमच्या पोळेबद्दल विचारलं. सुरेख उत्तर आलं. संस्थापकाचं नाव, वर्ष, दरवाजाचं वर्णन. मी शेजारीच होते. आमच्या पोळेला तसा दरवाजा कधी नव्हता. मी म्हटलं, "विचार त्याला, कुठे वाचलंस?" त्याने विचारलं. यंत्राने एका पुस्तकाचं नाव दिलं, लेखक दिला. असं पुस्तक कुठल्याच ग्रंथसूचीत नाही. मला राग नाही आला, वाईट वाटलं. 'त' म्हणायचं सुचलं असतं तर किती बरं झालं असतं. हल्ली उत्तर देण्याआधी दस्तऐवज शोधून त्यांच्या आधारे बोलणारी व्यवस्था जोडली जाते, आणि ती मला फार मोलाची वाटते. पण शोधायला दस्तऐवज तर हवा.

तो नाही, ही माझी खरी तळमळ. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी लोक होते. हिंदी आणि बंगालीनंतर देशात तिसरा क्रमांक. पण यंत्रं ज्या सार्वजनिक वेबसाठ्यांवर वाढतात, त्यात मराठीचा वाटा एका टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही भरत नाही. त्या इवल्या वाट्यात बडोद्याची मराठी किती! लिहिलेलं नाही असंही नाही. आमच्या एका मंडळाच्या नव्वदीच्या दशकातल्या स्मरणिकांच्या फाइली मला एका छापखानावाल्या काकांनी शोधून दिल्या. पडद्यावर सुबक देवनागरी. पण त्या काळचे फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवायचे, त्यामुळे फाइलीच्या पोटात निव्वळ रोमन अक्षरांची मिसळ होती. माणसाला मराठी, यंत्राला कचरा. अशा किती गावांच्या किती स्मरणिका पडून असतील. फाँटाचा तक्ता हाताने जुळवून मी त्या युनिकोडमध्ये आणल्या. चार महिने रात्री जागून. त्यात सेवउसळीवर एका काकूंचा दीड पानी लेख आहे, वाटाणे किती भिजवायचे इथपासून तरी वेगळी का ठेवायची इथपर्यंत. तो आता वाचता येतो.

सयाजीराव महाराज नाशिककडच्या कवळाण्याहून १८७५ साली दत्तक आले, तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. त्या मुलाने पुढे १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डेन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली, लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेडोपाडी पाठवली. उशिरा वाचायला शिकलेल्या माणसाला वाचण्याची भूक काय असते ते समजलं असावं. नानांच्या तिसऱ्या वहीत ही नोंद आहे, पुढे 'प'. खालीच दुसरी: 'मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन.' दुसऱ्या रकान्यात पुस्तक नाही. 'स्वतः उभा राहिलो' एवढंच.

सध्या मी या वह्या टाइप करते आहे, तीन रकान्यांसकट. रोज दोन पानं. सातव्या वहीत आमच्या पोळेतल्या विहिरीची नोंद लागली: 'विहीर मल्हारराव महाराजांच्या काळातली. – अक्का. – ऐ.' मी आत्याला फोन लावला.

"अक्का म्हणजे कोण गं?"

"समोरच्या घरातल्या. तू पाहिलेल्या नाहीस."

"त्यांना कोणी सांगितलं असेल?"

"सासूने सांगितलं असेल, आणखी कोण." मग थोडं थांबून म्हणाली, "विहिरीचं लिहितेस का? मग हेही लिही. तुरीची डाळ त्या पाण्यात शिजायची तशी नळाच्या पाण्यात कधी शिजली नाही. नळ आल्यावरही वरणापुरता एक हंडा आम्ही विहिरीचाच आणायचो."

मी टाइप करत होते आणि टाइप करता करता मोठ्याने म्हणत होते: पोळेतल्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत असे. आत्या, फोनवर. ऐ.

"ऐ म्हणजे काय?"

"ऐकीव."

"ऐकीव काय लिहितेस? तीस वर्षं मी स्वतः शिजवली आहे त्या पाण्यात. पक्कं लिही."

मी 'ऐ' खोडून 'प' केला आणि शेजारी तारीख घातली.